साडेचारशे ग्रॅम सुपारी आणि घरशाळेचं एक वर्ष

पत्र : मुलगी लवकरच अकरा पूर्ण करील. चौथीनंतर तिला शाळेतून काढली. सकाळी बस यायची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं आणि डॉक्टरांना काही सापडायचं नाही. पाचवीचं वर्ष घरीच केलं. जूनमध्ये मी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं, ते चवथीपर्यंतही, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंतही, टिकलं नाही. गणिताचं पुस्तक अर्ध्यावर राहिलं, इंग्रजीचं त्याहून मागे, इतिहास तर उघडलाच नाही. अर्धा दिवस ती आजोबांच्या मागे कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, असते. तिच्या बरोबरीच्या मुली एप्रिलातच सहावीत जाऊन बसल्या. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, 'चेडवाचें वर्स फुकट गेलें.' मी घरून हिशेब लिहिण्याचं काम करते, यजमान कंपनीत पाळीवर जातात. सोबत तिच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवतेय, अक्षर किती बिघडलंय ते बघा. पुढच्या वर्षाचं नियोजन कसं करू? की परत शाळेतच घालू? धाकटा यंदा पहिलीत जायचा आहे, तोही आता 'मी घरीच राहतो' म्हणतोय.
— एक आई, डिचोली तालुका, गोवा

ताई,

अक्षराचं नंतर बघू. त्या पानावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत का? ते सुपारीच्या पोत्यांच्या वजनाचं पान आहे. डावीकडे पोत्याचा क्रमांक, मग वजन, मग बेरीज. पहिल्या दोन पोत्यांची बेरीज तिने अशी केलीय : ३८.५ अधिक ४१.२५ बरोबर ७९.३०. म्हणजे ३८ आणि ४१ मिळून ७९, हे बरोबर. पण टिंबाच्या पुढचे ५ आणि २५ तिने साधे आकडे समजून मिळवले आणि ३० लिहिले. खरं उत्तर ७९.७५. आजोबांची साडेचारशे ग्रॅम सुपारी त्या पानावर नाहीशी झाली!

ही चूक वेंधळेपणाची नाही. टिंबानंतरचा पहिला आकडा दहावा भाग दाखवतो आणि दुसरा शंभरावा, हे ज्या मुलाच्या डोक्यात अजून बसलेलं नसतं ते नेमकी हीच चूक करतं. शाळेत जाणारी मुलंही करतात, फक्त तिथे पन्नास उदाहरणांच्या गर्दीत ती लाल फुलीखाली दडून जाते. तुम्हाला ती एका पानावर, सुट्या स्वरूपात मिळालीय. आणि त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, 'आजोबा म्हणाले रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं', आणि तिने प्रत्येक पोत्यामागे ते वजा केलंयसुद्धा, बिनचूक. हे पाचवीच्या पुस्तकात नाही. 'बागायतदारा'कडे, म्हणजे सुपारी विकत घेणाऱ्या सहकारी संस्थेकडे, माल घालायला जाणाऱ्या माणसाला ते येतं.

मला जे सांगायचंय ते यातच आलं. गेल्या वर्षाचा हिशेब भिंतीवरच्या वेळापत्रकाशी लावत बसू नका. वेळापत्रक काय व्हायला हवं होतं तेवढंच सांगतं. जे झालं ते वह्यांत आहे, कुळागरात आहे, तुमच्या फोनमधल्या फोटोंत आहे. आधी ते गोळा करा.

एखाद्या रविवारी तिच्या सगळ्या वह्या, सुटे कागद, चित्रं, अर्धवट टाकलेल्या गोष्टी जमिनीवर मांडा. फोन वर्षाच्या सुरुवातीपर्यंत मागे न्या. दुरुस्त्या करायला पेन घेऊ नका, आणि मुलीला शेजारी बसवून 'हे का नाही केलंस' असं तर मुळीच नको. तुम्ही एकट्याने बघा. जूनमधलं तिने लिहिलेलं एक पान घ्या आणि एप्रिलमधलं एक घ्या, दोन्ही शेजारी ठेवा. वाक्यं लांबली का? जोडाक्षरं सुटतात का? गुणाकार मांडताना हातचा कुठे चुकतो? तुम्ही रोज हिशेब लिहिता. ताळेबंद जमला नाही तर फरक कुठून आला ते शोधता, वही फाडून टाकत नाही. तसंच करा.

मग तिला विचारा, पण समोर बसवून मुलाखत घेऊन नको. मुलं कामात असली की बोलतात. सुपारी सोलताना, नाही तर बाजारातून परत येताना दोनच गोष्टी विचारा : यंदा काय करताना वेळ कसा गेला कळलं नाही, आणि कशाची वही उघडायला नको वाटायचं. मध्ये बोलू नका. उत्तर आवडलं नाही तरी बोलू नका.

आता पत्रात जे नाही त्याबद्दल. तुम्ही गणिताबद्दल लिहिलंत, इंग्रजीबद्दल, इतिहासाबद्दल, अक्षराबद्दल. पोटदुखीचं काय झालं? ज्या कारणाने पोरीला शाळेतून काढली ते कारण मिटलं की नाही, याचा पुढे उल्लेखच नाही. मिटलं असेल तर वर्ष फुकट गेलं म्हणणाऱ्यांना पहिलं उत्तर तेच, आणि ते तुम्ही आधी स्वतःला द्यायला हवं. अजून सोमवारी सकाळी दुखत असेल, तर मामला फक्त शाळेचा नव्हता, आणि पुस्तकांच्या आधी मुलांच्या डॉक्टरांना, गरज पडल्यास समुपदेशकाला पुन्हा भेटायला हवं. त्या बसच्या प्रवासात की वर्गात, नेमकं काय होतं, ते वर्षभरानंतर तरी तिच्या तोंडून आलंय का? ते कळल्याशिवाय 'परत घालू का' याचं उत्तर मी काय, कोणीच देऊ शकत नाही. दुसऱ्या बसने जाऊन सुटणारा प्रश्न वेगळा आणि दुसऱ्या शाळेत जाऊन सुटणारा वेगळा.

आणखी एक नाव मी पत्रात शोधलं, सापडलं नाही. ती खेळते कोणाशी? आजोबा आहेत, कुळागर आहे, लहान भाऊ आहे. अकरा वर्षांच्या मुलीला हे पुरत नाही. घरशाळेतल्या आया गणिताची चिंता करून करून दमतात, आणि खरा खड्डा पडतो तो इथे. गावातल्या बाकीच्या मुली दुपारी घरी येतात, संध्याकाळी कुठे ना कुठे जातातच. भजनाचा वर्ग असेल, पेटी-तबला असेल, चवथीआधी फुगडीच्या तालमी सुरू होतात. जिथे दर आठवड्याला ठरलेल्या वाराला त्याच मुली भेटतात अशी एक जागा तिला मिळवून द्या. पुढच्या वर्षाच्या कागदावर सगळ्यांत वर हे लिहा, गणिताच्याही वर. सुरुवातीला ती नको म्हणेल. तुम्ही बरोबर जाऊन दारात बसा, पण न्या.

आता नियोजन. सबंध वर्षाचं करूच नका. आपल्याकडचं वर्ष तसंही आपोआप तुकड्यांत पडतं : पावसापासून चवथीपर्यंत, चवथीपासून दिवाळीपर्यंत, दिवाळीपासून शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सणापर्यंत. फक्त पहिला तुकडा ठरवा. दुसऱ्याचं चवथ आटोपून पाहुणे गेल्यावर बघा. तुमचं वेळापत्रक मोडलं त्यात तुमच्या शिस्तीचा दोष कमी आहे. सात विषय, पाच दिवस, त्यात घरून नोकरी, हे गणितच जमणारं नव्हतं.

रोज बसूनच करायला लागतील अशा गोष्टी माझ्या मते दोन : गणित आणि लेखन. या दोन्ही वाऱ्यावर सोडल्या तर वाढत नाहीत. बाकी बरंच काही जिज्ञासू मुलगी आजूबाजूने उचलते, हे दोन नाही. सकाळी चाळीस मिनिटं गणित, थोडा वेळ मोकळा, मग अर्धा तास लेखन. आठवड्यातून चार दिवस. पाचवा दिवस मुद्दाम रिकामा ठेवा, राहिलेलं त्या दिवशी पुरं होतं. तुमच्याकडे जीएसटीचं काम असणारच. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास तुमची काय धावपळ होते ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवसांवर कॅलेंडरात आताच फुली मारा आणि त्या दिवशी तिला वाचन, चित्रं किंवा आजोबा. मग खाडा पडला असं वाटणार नाही, कारण तो दिवस ठरवूनच सोडलेला असेल.

गणिताची सुरुवात पुस्तकाच्या अर्ध्यावरून नको, त्या पानावरून करा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. अर्धा किलो तांदूळ तोलायला लावा, मग पाव किलो, आणि दोन्ही वजनं ग्रॅममध्ये लिहायला सांगा : ५०० आणि २५०. मग किलोत : ०.५०० आणि ०.२५०. शून्यं भरून आकडे एकाखाली एक मांडले की ५ आणि २५ मिळून ३० होत नाहीत हे तिचं तिलाच दिसेल. आठवडाभर एवढंच. त्यानंतर सुपारीच्या वहीतल्या सगळ्या जुन्या बेरजा तिलाच तपासू द्या, आणि किती फरक पडला ते आजोबांना तीच सांगू दे.

टक्केवारी आणि प्रमाण तर पाऊस घेऊनच येतोय. पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून आजोबा बोर्डो मिश्रण मारत असतील. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यामागे १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मग ३० लिटरच्या पिंपाला किती? यंदा किती पिंपं लागतील? मोरचुदाचा भाव बाजारात विचारून खर्च किती येईल? मोरचुदाला हात लावायचं काम मोठ्यांचं, वही तिची. पुस्तक चालू ठेवाच, ते टाकून देऊ नका. कुळागरातून अपूर्णांकांचा भागाकार येत नाही, कोनही येत नाहीत; त्यासाठी पुस्तकातली उदाहरणंच घासावी लागतात.

लेखनाबाबत थोडं कडक सांगते. रोज सहा-सात ओळी, विषय तिचा. आठवड्यातून एकदा त्यातला एक तुकडा निवडून तो पुन्हा नीट लिहायचा, शुद्धलेखन तपासून. दुरुस्ती फक्त त्याच तुकड्यात. बाकीच्या दिवसांच्या ओळी चुकांसकट राहू द्या. अक्षर बिघडलंय ते बहुधा घाईने. पुन्हा लिहिलेल्या तुकड्यात ते कसं दिसतं ते चवथीला बघा. तोपर्यंत अक्षरावर बोलायचं नाही, सासूबाईंनीही.

इंग्रजीकडे मात्र मी तुमच्यासारखी 'राहिलं थोडं' म्हणून बघणार नाही. आपल्याकडे प्राथमिक मराठी-कोंकणीतून झालं तरी पाचवीपासून बहुतेक शाळांत सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. तिच्या मैत्रिणी वर्षभर विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकल्यात. उद्या ती शाळेत परतली तर अपूर्णांक येत असूनही प्रश्नच कळणार नाही, आणि वर्गाला वाटेल पोरीला काही येत नाही. पोटदुखी परत यायला एवढं पुरेसं आहे. म्हणून गणित-विज्ञानाचे शब्द दोन्ही भाषांत शिकवा. अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, परिमिती म्हणजे पेरिमीटर, बाष्पीभवन म्हणजे इव्हॅपोरेशन. समजावणं मराठीतून, उदाहरण इंग्रजीतलं. आणि हा विषय पूर्णपणे यजमानांकडे द्या. तुम्ही मागे बसून सूचना करायच्या नाहीत. दुपारची पाळी असेल तर सकाळी, सकाळची असेल तर संध्याकाळी, रात्रपाळीच्या आठवड्यात सुट्टी. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन आणि त्यावर गप्पा, बस्स. व्याकरणाचं पुस्तक पुढच्या वर्षीही मिळेल.

इतिहास उघडला नाही म्हणता, तर उघडू नका. तुमच्या घरात दोन इतिहासाची पुस्तकं बसलेली आहेत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा आजोबा कुठे होते? १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावर, फूल (विलीनीकरणाची निशाणी) की दोन पानं (वेगळं राहण्याची) यावरून घराघरांत भांडणं झाली होती, तुमच्या घरी काय झालं? १९८७ मध्ये गोवा राज्य झालं ते तर सासूबाईंना लख्ख आठवत असेल. मुलीने प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तरं लिहून आणावीत. लेखनाचे दोन आठवडे तिथेच निघतात. दगडातलं काही बघायचं तर हरवळ्याच्या गुंफा तुमच्याच तालुक्यात आहेत, एखादा दिवस काढून तांबडी सुर्ला. बाकी सनावळ्या नंतर.

सासूबाईंचा राग मला समजतो. त्यांच्या डोळ्यांसमोर नात वर्षभर 'काहीच करत नाही', आणि कोणी त्यांना काही सांगत नाही. त्यांना काम द्या. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची आरास, बांधायची तर कोणती फळं, कोणत्या वेली, कोणती कंदमुळं, कुठल्या डोंगरावरून आणायची, हे त्यांना तोंडपाठ असेल. नात त्यांच्याबरोबर ती यादी करील, प्रत्येकाचं चित्र काढील, कुठे मिळालं ते लिहील. विज्ञानाची वही तीच. येणाऱ्या-जाणाऱ्याला मग सासूबाईच ती वही दाखवतील, बघा तुम्ही.

आता शाळेचा आणि पुढच्या परीक्षांचा प्रश्न, कारण रात्री झोप उडते ती त्याने. शिक्षण हक्क कायदा, २००९ सालचा, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय. न घातल्यास पालकांना शिक्षेचं कलम नाही, आणि घरशाळेचा उल्लेखही नाही. तुमच्या कामाचं आहे ते त्यातलं चौथं कलम. मध्येच शाळा सुटलेलं मूल परत आलं तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला खास प्रशिक्षण द्यायचं, असं ते सांगतं. म्हणजे आठवीपर्यंत परतीचं दार उघडं आहे, मागच्या वर्गात बसवण्याची भीती बाळगू नका. शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला एका फायलीत ठेवा. नववीला हा आधार राहत नाही. म्हणून शाळा की घर याचा कायमचा निर्णय ती सातवी-आठवीच्या वयात असताना घ्या, आज नको.

घरीच पुढे न्यायचं ठरलं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, सगळे एनआयओएस म्हणतात ती. तिची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, पाच विषय घेऊन, वर्षातून दोन वेळा परीक्षा असते, आणि सगळे विषय एका दमात सोडवायची सक्ती नाही. पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण करता येतात. तिच्या वयाच्या मुलांसाठी या संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे स्तरही आहेत. यंदाच धावाधाव करून काही भरायची गरज मला वाटत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावरून पाचवीच्या तोडीच्या स्तराची पुस्तकं मात्र बघून ठेवा, त्यातून तिला किती येतं याचा अंदाज येईल.

महिन्यातून एकदा पणजीला जा. पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी, आणि तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. तिला तिथे दोन तास सोडा. पुस्तकं तीच निवडील. एखादं अगदीच पोरकट निवडलं तरी घेऊ द्या. त्या दोन तासांत तुम्ही हिशेबांना हात लावायचा नाही, बाहेर चहा प्या. वर्षभर नोकरी, घर आणि शाळा एका अंगावर घेतलेल्या बाईला हे मी सल्ला म्हणून नाही, जवळजवळ दम देऊन सांगतेय.

धाकट्याला शाळेत घाला. मोठीला घरी ठेवण्यामागे एक कारण होतं. त्याच्याकडे सध्या तरी फक्त ताईचा हेवा आहे, आणि सहाव्या वर्षी तो असायचाच. ताई घरी राहून काय मजा करते असं त्याला वाटतं, तिची सकाळची गणिताची चाळीस मिनिटं त्याने पाहिलेली नाहीत. एक दिवस बसवा त्याला तिच्या शेजारी. आणि रेनकोट आताच घेऊन ठेवा, पाऊस लागला की म्हापशाच्या बाजारात त्याच्या मापाचा मिळायचा नाही.